लोखंडावरचा गंज

चाचा, तेलाची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली.

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, कामावर होते. तुम्ही गेलात हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे. रडू नंतर आलं, आधी तेल आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. माणूस गेल्याची बातमी यावी आणि आपल्याला आपलंच काहीतरी राहिलेलं आठवावं, हे काही बरं नाही. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. "ही पोट्टी बोलते कमी अन् लिहिते जास्त," असं तुम्ही तुमच्या वेल्डर गजूभाऊंना सांगायचात, मी समोर वही घेऊन उभी असतानाच. तर आता लिहितेच आहे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तुमच्या वर्कशॉपमध्ये मला बाबांनी पाठवलं होतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. तिथले रोलर, शाफ्ट सगळं तुमच्या लेथवर यायचं. "सत्तारभाईकडे जाय," बाबा म्हणाले होते. "काम चोख करते, अन् समोरच्याचं ऐकून घेते." दुसरी गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली असणार. माझं बोलणं ऐकायला माणसाला थोडं थांबावं लागतं.

एमएससीचं शेवटचं वर्ष होतं. समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजंतू लोखंडाचं काय करतात, हा माझा विषय. यवतमाळात बसून समुद्र कुठला आणणार, असं सगळे विचारायचे. मी लहानपणी अलिबागच्या मामाकडे एकदा धक्क्याचे लोखंडी खांब पाहिले होते. पाण्याच्या रेषेपाशी ते कुरतडल्यासारखे दिसत होते. कोणी कुरतडले, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते डोक्यात राहून गेलं होतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. 'रस्ट'ला मराठीत काय म्हणतात, ते मी निघायच्या आधी शब्दकोशात पाहून घेतलं, तुमच्यासमोर इंग्रजी झाडायला नको म्हणून. शब्द मिळाला: गंज. स्कूटीवर येताना वाक्य पाठ केलं. तुम्ही लेथ बंद केलीत, चिंधीला हात पुसलेत, आणि मी म्हटलं, "काका, मला लोखंडावरचा गंज बघायचा आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मागे वेल्डिंग करत बसलेल्या गजूभाऊंकडे वळलात.

"गजू, लोखंडावरचा गंज पाह्यला का बे तू?"

गजूभाऊंनी तोंडासमोरची काच वर केली. "चुलीवरचा पाह्यला. त्यात भात शिजते."

आमच्याही घरी आई गंजातच भात शिजवते. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मोठा गंज, काठाला एक पोचा आलेला. गंज म्हणजे भांडं, हे मला बोलायला लागल्यापासून माहीत. पण घरातला गंज आणि शब्दकोशातला गंज हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कपाटांत होते, आणि ती दोन कपाटं तोवर एकदम कधी उघडली नव्हती. माझे कान तापले. मी 'सॉरी' म्हणून मागे फिरलेच होते.

"थांब, थांब. जंग म्हनते का तू? लोखंडाले जंग लागते, ते?"

"हो. जंग."

"मंग तसं सांग ना बाप्पा. आमच्यात जंग म्हणजे लढाईबी होते. दोन्हीत लोखंडच मरते."

दुसऱ्या दिवशी मी मापं लिहिलेला कागद घेऊन आले, तर लेथशेजारी एक लोखंडी प्लेट मांडलेली, आणि त्या प्लेटवर एक जर्मनचा गंज, झाकणासकट. "घे," तुम्ही म्हणालात. "लोखंडावरचा गंज. पाहून घे नीट." घरून आणला होतात. चाचींना त्या दिवशी दुसऱ्या भांड्यात भात टाकावा लागला, हेही तुम्हीच सांगितलंत, अगदी अभिमानानं. अनोळखी माणसांसमोर मी मोठ्यानं हसले, असं फार कमी वेळा झालंय. ते त्यातलं एक.

मला सारख्या मापाच्या चोवीस पट्ट्या हव्या होत्या. दोन इंच लांब, एक इंच रुंद, डोक्याशी एक भोक, दोऱ्यानं टांगायला. यांना कूपन म्हणतात, असं मी सांगितलं. झालं! "कूपन? राशनचं?" त्यानंतर मी दारात दिसले की तुम्ही आतून ओरडायचात, "आल्या समुद्रवाल्या मॅडम. या महिन्याचं राशन किती कूपनचं?"

पण काम करताना तुमची थट्टा थांबली. प्रत्येक पट्टीच्या कडा कानशीनं घासल्यात, मग बारीक पॉलिश पेपरनं. घासून झालं की पट्टी उजेडात धरून पाहायची सोडून तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचात. "डोळ्याले चमक दिसते फक्त. नखाले खड्डा समजते." जिनिंगच्या बिल्ल्यांवर आकडे ठोकायचे जुने पंच तुमच्याकडे होते, देवनागरी आकड्यांचे. त्यांनीच तुम्ही माझ्या पट्ट्यांवर एक ते चोवीस ठोकलेत. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी नंतर विचारलं होतं, हे आकडे असे का? मी म्हटलं, आमच्याकडे असेच मिळतात.

आणि शेवटी तुम्ही तेल लावलंत.

मी समोर उभी होते. जुन्या धोतराचा तुकडा तेलात बुडवून तुम्ही प्रत्येक पट्टी पुसलीत, दोन्ही बाजूंनी, भोकाच्या आतूनसुद्धा. "लोखंड उघडं ठेवत नसतात, पोट्टी. उघडं ठेवलं का हवा खाते त्याले." मग पेपरात गुंडाळून दिल्यात. आयुष्यभर तुम्ही हेच केलं होतं. हातातून लोखंड बाहेर जायचं, तर तेल लावूनच जायचं.

माझ्या वहीत पद्धतीची तिसरी पायरी लिहिलेली होती: पट्ट्यांवरचं तेल ॲसिटोननं पूर्ण काढणे. मला ते माहीत होतं. तुम्हाला नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

त्याच आठवड्यात पाणी आलं. मामानं अलिबागहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत दोन मोठे कॅन टाकून दिले, आणि एका बाटलीत खाडीच्या तळाचा काळा चिखल. कॅन जड, म्हणून तुम्ही गजूभाऊंना घेऊन तीनचाकी टेम्पो आणलात. स्टॉपवरच तुम्ही एका कॅनचं झाकण उघडलंत, बोट बुडवलंत आणि जिभेला लावलंत.

"आमच्या बोअरचं पाणीबी असंच लागते," तुम्ही म्हणालात. "याच्यासाठी मामाले कायले तरास दिला?"

मग चिखलाची बाटली हुंगलीत आणि मान झटकलीत. "हे काय मेलं यात?"

"मेलं नाही, चाचा. जिवंत आहे. यातलेच जंतू लोखंड खातात."

'काका'चं 'चाचा' त्याच दिवशी झालं बहुतेक. आणि आपलं भांडणही त्याच दिवशी सुरू झालं.

"लोखंडाले कीड? कीड कापसाले लागते, पोट्टी. लोखंडाले हवा लागते अन् पानी लागते. बास."

"दिसत नाहीत म्हणून नाहीत, असं नसतं, चाचा."

"दिसत नाही, तं तुले कसं माहीत?"

"वासावरून. सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो त्यांचाच."

"मंग तं आमच्या गजूवरबी आहेत," तुम्ही म्हणालात. टेम्पो चालवता चालवता गजूभाऊंनी मागे वळून तुम्हाला काय म्हटलं, ते मी लिहीत नाही.

प्रयोग मी तुम्हाला तिथेच, टेम्पोत बसून समजावून सांगितला. काही बरण्यांत समुद्राचं जसंच्या तसं पाणी आणि चिमूटभर चिखल. काही बरण्यांत तेच पाणी, पण दाबाखाली तापवून सगळे जंतू मारलेलं. दोन्हींत सारख्याच पट्ट्या टांगायच्या. आधी वजन, नंतर वजन. फरक दिसला, तर तो जंतूंचा. तुम्ही सगळं ऐकलंत आणि नावं ठेवलीत: जिवंत पाणी आणि मेलेलं पाणी. माझ्या वहीत पुढे सगळीकडे हेच शब्द आहेत.

त्या दिवशी प्रयोगशाळेत ॲसिटोनची बाटली तळाला गेलेली होती. नवी यायला आठवडा लागणार होता. जिवंत पाणी आठवडाभर थांबत नाही, त्यातले जंतू बदलतात. मी पट्ट्या कोरड्या कापडानं पुसल्या, खूप वेळ पुसल्या. चमकत होत्या. मला वाटलं, पुरे झालं. तिसऱ्या पायरीसमोर मी वहीत बरोबरची खूण केली.

सहा आठवड्यांनी बरण्या उघडल्या. जिवंत पाण्यातल्या पट्ट्या चकचकीत, मेलेल्या पाण्यातल्याही चकचकीत. वजनाचे आकडे जसेच्या तसे. तोवर नवं ॲसिटोन आलं होतं. मी कापसाचा बोळा भिजवून एका पट्टीवर फिरवला, आणि तो पिवळा निघाला. कोरड्या कापडानं तेल निघालंच नव्हतं.

सरांना मी खरं सांगितलं. ते दोन वाक्यं रागावले आणि म्हणाले, पुन्हा कर. ते सोपं गेलं.

तुमच्याकडे येताना मी परत वाक्य पाठ केलं होतं. 'चाचा, तेल काढायचं राहिलं.' चारच शब्द. तुम्ही मला पाहून मापाचं व्हर्नियर खाली ठेवलंत.

"काय म्हनते जंतू? खाल्लं का माझं लोखंड?"

"नाही, चाचा."

"काहून?"

"पाणी खराब झालं," मी म्हटलं.

असं का म्हटलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. तेल म्हटलं असतं, तर तुम्ही चूक स्वतःवर घेतली असती. ती चूक तुमची नव्हती हे सांगायला मला सांगावं लागलं असतं की, मी एक पायरी गाळली आणि वहीत खोटी खूण केली. दोन वाक्यांत कोणतं आधी बोलायचं, हे मला ठरवता आलं नाही. मग तिसरंच बोलले. बिचाऱ्या समुद्राच्या पाण्यावर ढकललं. ते काही बोलणार नव्हतं.

मला वाटलं, विषय संपला. पण तुम्ही त्यातून वेगळंच काढलंत. पुढच्या वेळी मी आले तर दारव्ह्याचे एक शेतकरी पंपाचा शाफ्ट घेऊन बसले होते, आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, "चोवीस पट्ट्या देल्या या पोट्टीले. दीड महिना समुद्राच्या पान्यात होत्या. एकीलेबी जंग नाही. सत्तारच्या लोखंडाले समुद्रबी खात नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच माहीत नाही.

ते तुम्ही चहाच्या टपरीवर सांगितलंत. बाबांना सांगितलंत, आणि बाबांनी जेवताना आईला सांगितलं. प्रत्येक वेळी, मी तिथे असले तर, सांगून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहायचात. मी वहीत डोकं घालायचे.

ते बोंडअळीचं साल होतं. बोंडं बाहेरून चांगली आणि आत गुलाबी अळी. बाबांची जिनिंग महिना-दीड महिना चालली आणि बंद पडली. रोलर येईनात. तुमची लेथ दुपारची झाकलेली दिसायची, वर ताडपत्री. दुरुस्तीला यायचे ते फवारणीचे पंप. फवारताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती, त्याच मोसमात. तुम्ही पंपाला हात लावायच्या आधी गजूभाऊंना हातमोजे घालायला लावायचात, सोड्याच्या पाण्यानं तो दोनदा धुऊन घ्यायचात, नोझलसुद्धा. पंपवाला म्हणायचा, धुतला आहे घरून. तुम्ही म्हणायचात, "दिसत नाही म्हणून नाही, असं नसते." हे वाक्य तुम्ही मला हरवायला कधी वापरलं नाहीत, पण ते माझंच वाक्य होतं.

काम नव्हतं, म्हणून तुम्ही एकदा कॉलेजात आलात. "केसाचं वजन सांगते म्हणे तुझा काटा. पाहू तं दे." पांढरा, इस्त्रीचा शर्ट. चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्यात, मी नको म्हणत असतानाही. काट्याच्या काचेच्या पेटीपुढे तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात, कोणाच्या तरी घरी नवं बाळ पाहायला आल्यासारखे.

मी एक कागदाचा तुकडा ठेवून वजन केलं. मग तो तुम्हाला दिला आणि म्हटलं, यावर नाव लिहा. तुम्ही पेन घेतलंत, थोडं थांबलात, आणि उर्दूत लिहिलंत, सावकाश. कागद परत काट्यावर ठेवला. शेवटचे आकडे हलले आणि वाढून थांबले.

"हे काय?"

"तुमच्या नावाची शाई. तिचं वजन."

तुम्ही काचेशी वाकून ते आकडे पुटपुटत वाचलेत. मग म्हणालात, "गजूचं याच्यापेक्षा कमी भरलं पाह्यजे."

त्यानंतर तुम्ही बरण्या पाहिल्यात. पहिल्या खेपेच्या बरण्या मी अजून ओतून टाकल्या नव्हत्या, खिडकीशी ठेवल्या होत्या. मी दुसऱ्या टेबलाकडे जंतू कसे वाढवतात ते दाखवायला गेले, आणि तुम्ही मागेच राहिलात. वळून पाहिलं तर तुम्ही एका बरणीवर वाकला होतात. उन्हात पाण्यावर रंग दिसत होते, जांभळे, हिरवे. तुम्ही बोट टेकवलंत, अंगठ्यावर घासलंत आणि नाकाशी नेलंत. मला वाटलं, चिखलाचा वास घेताय.

"पानी खराब झालं म्हनत होती ना तू?"

"हो, चाचा."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि रुमालाला बोट पुसलंत.

दुसऱ्या खेपेच्या पट्ट्या तुम्ही स्वतः आणून दिल्यात, धुतलेल्या सुती कापडात बांधून. मामानं नवं पाणी पाठवलं होतं, आणि या खेपेला मी पायरी गाळली नाही. प्रत्येक पट्टी ॲसिटोननं पुसली. बोळे पांढरेच निघाले. मी वहीत 'बोळा स्वच्छ' असं चोवीस वेळा लिहिलं आणि पुढे गेले. बोळा स्वच्छ का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. संशोधन शिकत होते मी!

तीन महिने गेले. मेलेल्या पाण्यातल्या पट्ट्या सगळीकडून सारख्या तांबूस झाल्या होत्या, अंगणात राहिलेल्या खुरप्यासारख्या. जिवंत पाण्यातल्या वरून काळ्या, बुळबुळीत. आधी वाटलं, यांचं काहीच बिघडलं नाही, उलट तो काळा थर त्यांना राखतोय. पण थर धुतला आणि खाली खड्डे. बारीक, खोल, सुईनं टोचल्यासारखे. सात नंबरच्या पट्टीवर तर ठोकलेल्या साताच्या रेघेतूनच खड्डा आत गेला होता.

सात नंबर मी तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही चष्मा लावला नाहीत. अंगठ्याचं नख फिरवलंत. ते एकदा अडकलं, परत अडकलं.

"वरून काळं होतं म्हनते?"

"हो. वरून काही कळत नव्हतं."

"म्हणजे बोंडअळीसारखं." तुम्ही गजूभाऊंना हाक मारलीत. "गजू, इकडं ये. लोखंडाले बोंडअळी लागली पाह्य."

आठ महिने मी जे समजावत होते, ते तुम्ही एका वाक्यात उचललंत. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, जिंकली. पण तुम्ही पट्टी माझ्या हातात परत ठेवलीत आणि अगदी साधेपणानं विचारलंत, "मंग पह्यल्या खेपेले काहून नाही खाल्लं?"

वर्कशॉपमध्ये तेव्हा कोणतंच मशीन चालू नव्हतं. इतकी चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी म्हटलं, "पाणी खराब होतं, चाचा."

"हो का," तुम्ही म्हणालात. मग हसलात. "असंन बा."

नंतर तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत की, सत्तारच्या लोखंडाला समुद्र खात नाही. पण ईदला मी तुमच्या घरी आले, तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात दिलीत आणि म्हणालात, "दूध चांगलं आहे हो. खराब नाही झालं." मी नागपूरला नोकरीला निघाले तेव्हा भेटायला आले, तर म्हणालात, "तिकडचं पानी सांभाळून." मला वाटायचं, तुमची नेहमीची थट्टा आहे. प्रत्येक वेळी ठरवायचे, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ नेहमी असायचीच.

परवा चाचींना भेटायला आले. खोलीत बायका बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात घेतला, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "बेटा, तुह्या त्या पट्ट्यांचा मले लय राग आला होता."

"कोणत्या पट्ट्या, चाची?"

"दुसऱ्या खेपेच्या. तुह्या कॉलेजातून आले अन् म्हणे, धुण्याचा सोडा दे, मोठा गंज दे. पाण्यावर माझंच तेल तरंगून राह्यलं होतं म्हणे, अन् पोट्टी पाण्यावर नाव घेऊन राह्यली. दोन वेळा उकळल्या त्याईनं पट्ट्या. माझा गंज पार काळा करून टाकला."

मी विचारलं, "मला का नाही म्हणाले?"

"मीबी तेच म्हटलं त्याईले. तं म्हणे, तिले सांगाचं आहे ना, तिले सांगू दे. मी सांगतलं, तं तिचं राहून जाईन."

चाची उठल्या. आतून तो गंज घेऊन आल्या. तोच, पहिल्या दिवशी लोखंडी प्लेटवर मांडलेला. बाहेरून घासून लख्ख, आत काळाकुट्ट. सोडा जर्मनच्या भांड्याला खातो, चाचा. स्टीलचं भांडं घेतलं असतंत, तर काही झालं नसतं. मला विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं. पण मला विचारलं असतंत, तर मग मला सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला माझ्याकडून ओढून घ्यायचं नव्हतं.

चाचींनी गंज माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जाय. पह्यल्या दिवशी तुले गंजच पाह्यचा होता ना?"

ती गोष्ट तुम्ही घरी सांगितली होतीत! आम्ही दोघी हसलो. बायका आमच्याकडे पाहायला लागल्या. मग चाची रडल्या, आणि मीही.

गंज आता नागपूरला माझ्या टेबलावर आहे. त्यात सात नंबरची पट्टी ठेवली आहे, आणि वहीतून काढलेला तो कागद, तुमच्या नावाचा. पट्टीला मी आज तेल लावलं, जुन्या सुती कापडानं, दोन्ही बाजूंनी, भोकाच्या आतूनसुद्धा. तिचा प्रयोग संपला आहे, आता तिला उघडं ठेवायचं कारण नाही.

पाणी खराब नव्हतं, चाचा. तेल होतं. तुम्ही लावलेलं, आणि मी न काढलेलं.